दिलेले तास

जिल्ह्याच्या अहवालात चित्रकलेच्या नावापुढे ०.४ हा आकडा होता. गणितापुढे ३१.२, मराठीपुढे १९.६, शारीरिक शिक्षणापुढे सहा. चित्रकला सर्वांत खाली होती.

तारीख ४ मार्च २०४१, सोमवार. नांदूरखेडच्या शाळेत मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मुख्याध्यापक देवरे सरांनी शिक्षकांच्या खोलीत उभं राहून अहवाल वाचला आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन घसा साफ केला.

"वाघचौरे मॅडम, हे माझं मत नाही बरं का. यंत्राचं आहे."

"कळतंय सर," सारिका वाघचौरे म्हणाल्या.

"आमचे सहा आले," खेळाचे शिक्षक म्हणाले. "म्हणजे पोरं पळता पळता तरी काही शिकतात." दोघंतिघं हसले.

पुढचं पान प्रस्तावाचं होतं. येत्या जूनपासून जिल्ह्यातल्या दोनशे बारा शाळांमध्ये आठवी-नववीची चित्रकला बंद होणार. ते तास पडद्यावरच्या सरावाला जाणार. चित्रकलेचे शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि त्यांचं समायोजन होणार, म्हणजे कुठेतरी ग्रंथालयात, वसतिगृहात किंवा कार्यालयात. निर्णय ३० मे रोजी.

शेवटची नोंद अभिनंदनाची होती. आठवड्याच्या फक्त सहा तासांत गणिताचा सर्वाधिक परिणाम जिल्ह्यात कुठे दिसला असेल तर तो नांदूरखेडला, भारती खैरनार मॅडमच्या वर्गांत. हा सहा तासांचा नमुना आता सगळ्या शाळांना लागू होणार होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सारिकाबाईंनीही वाजवल्या. शेजारी बसलेल्या भारतीने टेबलाखाली त्यांचा हात दाबला आणि हळू आवाजात म्हटलं, "तुझं मी बघते. संस्थेत बोलते मी."

अहवाल तयार करणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव होतं बोधसंवेदक. मुलं त्याला टिकली म्हणत, कारण ते शर्टाच्या बटणाएवढं होतं आणि कपाळाच्या कडेला, केसांलगत चिकटवायचं असे. टिकलीतून अवरक्त प्रकाशाचा क्षीण झोत कवटीच्या आत जाई. त्यातला किती परत येतो यावरून मेंदूच्या कोणत्या भागात किती रक्त धावतंय हे कळत असे. एवढं जुनंच होतं. नवं होतं ते पुढचं. काही शिकताना रक्ताच्या या हालचालीला एक आकार येतो, आणि शिकलेलं पुन्हा वापरताना तोच आकार फिक्या स्वरूपात परत उमटतो. मंगळवारी भूगोलाच्या तासात उमटलेला आकार शुक्रवारी विज्ञानाच्या तासात दिसला, तर मुलाने भूगोलातलं काहीतरी विज्ञानात वापरलं. साठ हजार मुलं आणि तीन वर्षं, एवढ्या नोंदींवरून यंत्र प्रत्येक विषयाचा 'वाटा' काढत होतं. मूल आज जे वापरतंय, त्यातलं किती कोणत्या तासातून आलं, ते.

वर्गात कॅमेरा नव्हता आणि आवाज टिपायची सोयही नव्हती. पालक न्यायालयात गेले होते आणि न्यायालयाने दोन्हीला मनाई केली होती. त्यामुळे तासात प्रत्यक्ष काय शिकवलं हे यंत्राला कळायला मार्ग नव्हता. ते वेळापत्रक वाचत असे. वेळापत्रकातल्या प्रत्येक चौकटीखाली प्रश्न असे, 'तासिका झाली?', आणि त्यावर शिक्षकाने अंगठा ठेवायचा असे.

नांदूरखेडच्या शाळेत, आणि बहुतेक सगळ्याच शाळांत, तास देण्याची पद्धत टिकलीच्या कितीतरी आधीपासून होती. गणिताचा किंवा विज्ञानाचा भाग मागे पडला की ते शिक्षक चित्रकलेच्या शिक्षकाला दारात गाठत. "मॅडम, आजचा तास देता का?" यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मागणारा ओशाळत नसे आणि देणारा नाही म्हणत नसे. सही मात्र वेळापत्रकात ज्याचं नाव, त्याचीच. टिकली आल्यावर सहीच्या जागी अंगठा आला, इतकंच. सारिकाबाई सकाळी शाळेत आल्या की दिवसभराच्या सगळ्या चौकटींवर एकदम अंगठा लावून टाकत. मग त्यांपैकी एक किंवा दोन तास भारतीला देत.

भारतीकडे आठवी आणि नववीच्या अ आणि ब तुकड्यांचं गणित होतं. दहावीचा निकाल याच तुकड्यांवर ठरायचा, म्हणून संस्थेचं लक्ष त्यांच्यावर. चार वर्गांचे दोन-दोन तास, म्हणजे आठवड्याला आठ. सुरुवातीला भारती म्हणायची, "एप्रिलमध्ये परत देते बघ." पुढे तीही ते म्हणेनाशी झाली. तास दिला की सारिकाबाई कलाखोलीत जाऊन बसत. तिथे प्लास्टरचे दोन पुतळे होते, रंगाचे वाळलेले डबे होते आणि खिडकीतून महामार्गाचा उड्डाणपूल दिसत असे. त्यांच्या टाचण वहीत, म्हणजे रोज काय शिकवायचं ते टिपायच्या वहीत, अशा तासांपुढे त्या बारीक अक्षरात 'भा.' लिहीत. कशासाठी लिहितो, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

क तुकडीचे तास मात्र कुणी मागत नसे. तिथलं गणित तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांकडे होतं. ते बारा वाजता दुसऱ्या शाळेकडे पळत. आठवी क मध्ये त्रेपन्न मुलं होती. उशिरा नाव घातलेली, एकदा-दोनदा शाळा सुटलेली, आईवडिलांच्या कामामागे गावं बदललेली. या वर्गाला सारिकाबाईंनी आठवड्याचे दोन तास पूर्ण शिकवलं होतं. नववीच्या क तुकडीलाही. तीन वर्षांत एकही तास न चुकता.

११ मार्चला बोधसंवेदकाच्या जिल्हा केंद्रातून अद्वैत मोहोळकर आला. वय सव्वीस-सत्तावीस, पाठीवर पिशवी. मागच्या बाकावर बसून तास बघायची त्याने परवानगी मागितली.

"कशासाठी?" सारिकाबाईंनी विचारलं.

"क तुकडीच्या टिकल्या बिघडल्यात का, ते बघायला आलोय मॅम."

टेबलावर दुधी भोपळा आणि रंगाचा रिकामा डबा मांडला होता. मुलं एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेत होती. भोपळ्याची उंची पेन्सिलीवर धरायची, मग तीच पेन्सिल आडवी करून बघायचं, रुंदी त्यात किती वेळा बसते.

"मॅडम, ह्या भोपळ्याला पोटच आहे, मान नाहीच," मधल्या रांगेतून ओवी गांगुर्डे म्हणाली. तिचे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते. ही तिची पाचवी शाळा होती.

"मान आहे. तू बघत नाहीयेस. पुन्हा मोज."

ओवीने पुन्हा मोजलं, खोडलं, पुन्हा मोजलं. मग पेन्सिल मागच्या बाकाकडे वळवली. "सर, उभे राहा ना जरा." अद्वैत गोंधळून उभा राहिला. "यांचं डोकं यांच्या उंचीत सात वेळा बसतंय मॅडम. देवरे सरांचं साडेपाचच बसतं, मी परवाच मोजलं."

वर्ग खदखदून हसला. "गांगुर्डे, वहीत बघ," सारिकाबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरलं नव्हतं.

तास संपल्यावर अद्वैतने पडद्यावर दोन आलेख दाखवले. "हा आठवी अ. हा क. चित्रकलेच्या तासानंतरचे दहा दिवस. अ मध्ये काहीच नाही, सपाट. क मध्ये पहिले तीन दिवस काही नाही आणि चौथ्या दिवशी हा उंचवटा. प्रत्येक वेळी. भूमितीत, विज्ञानाच्या आकृत्यांत, मराठीत वर्णन लिहितानासुद्धा."

"उंचवटा म्हणजे?"

"म्हणजे चित्र काढताना डोक्यात जे चाललेलं होतं, ते तिथे परत आलं. बघायचं, लक्षात धरायचं, ताडून बघायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं. आम्हाला वाटतं, चुकलेलं डोळ्यांना लगेच दिसतं आणि हातानेच सुधारता येतं, म्हणून ही सवय पक्की बसते. चार दिवस मुरते, मग दुसरीकडे निघते." त्याने पडदा मिटला. "किंवा टिकल्या खराब आहेत. तीन वर्षं आम्ही क चा डेटा बाजूला टाकतोय. संवेदक दोष म्हणून."

"का?"

"बाकी कशाशी जुळत नाही म्हणून. यंदा टिकल्या बदलून पाहिल्या. तरी तेच." त्याने पिशवी बंद केली. "अ मध्ये आणि क मध्ये तुम्ही एकच शिकवता ना मॅम?"

सारिकाबाईंनी भोपळा उचलून कपाटात ठेवला. "हो," त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. त्यात अवघड काही नव्हतं. अ आणि ब च्या चित्रकलेच्या चौकटींत खरं तर गणित होतं. त्या तासांत मुलं जे शिकली, त्याचा आकार गणिताच्या तासांतल्या आकाराशी जुळला, म्हणून मुलं गणितच वापरतायत असं समजून यंत्राने तो गणिताच्या खात्यात टाकला, आणि चित्रकला शून्यापाशी राहिली. क मध्ये चित्रकला होती, म्हणून क चुकीचा ठरला. बाकीच्या शाळांतही असंच झालं असणार. ०.४ हा आकडा कुणी खोटा बनवला नव्हता. तो अंगठ्यांनी बनला होता, आणि त्यांतला एक अंगठा त्यांचा होता.

त्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आईची खाट त्यांनी हलवली नव्हती, तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असत. संध्याकाळी त्यांनी टाचण वह्या काढल्या आणि 'भा.' मोजायला घेतले. तीन वर्षांत आठशे चौसष्ट तास. त्यांतले आठशे एकतीस दिलेले. उरलेल्या तेहतीस तासांत मुलांकडून पाहुण्यांच्या स्वागताचे फलक रंगवून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, कलाखोलीत, त्यांनी भारतीला सांगितलं. वीस वर्षं दोघी इथेच डबा खात. भारतीचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, वरच्या कप्प्यात नेहमी सारिकाबाईंसाठी काहीतरी वेगळं. त्या दिवशी मेथीचे मुटके होते.

भारतीने सगळं ऐकून घेतलं. "मग सांगू नकोस," ती म्हणाली.

"दोनशे बारा शाळांतून चित्रकला जातेय भारती."

"तू सांगितलंस तर राहील?"

"माहीत नाही. पण ते क चा डेटा फेकून देतायत, माझ्या अंगठ्यामुळे."

"आणि माझं काय?" भारतीने डबा बाजूला सारला. "माझी चौकशी लागेल. सहा तासांत शिकवते म्हणून जिल्हाभर नाव झालंय, आणि उद्या तू सांगणार की आठ तास लागत होते तिला. अगं, पोरांसाठीच घेतले ना मी? घरी नेले का ते तास?"

"मी तसं म्हणाले का?"

"मग वीस वर्षांत एकदा तरी नाही म्हणालीस? एकदा! मी विचारायचे आणि तू खडू खाली ठेवून निघायचीस. मला वाटायचं, हिलाच नकोय वर्ग."

 भारतीने डब्याचे कप्पे एकावर एक ठेवले, कडी लावली आणि ती गेली. त्यानंतर ती कलाखोलीत आली नाही. शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर आल्या तर "झालं का जेवण?" एवढं विचारत असे, आणि उत्तराची वाट न बघता वह्या तपासायला घेत असे. सारिकाबाई पुतळ्यांच्या सोबतीने पोळी-भाजी खात. हळूहळू त्यांनी डबा आणणंच सोडलं.

२ एप्रिलला त्यांनी अद्वैतला लेखी कळवलं. त्याचा फोन लगेच आला.

"मॅम, नोंद दुरुस्त करता येते. पण ज्याचा अंगठा त्यानेच, शाळेच्या आवारात, एकेक करून."

"सगळ्या एकदम नाही करता येत?"

"नाही. एकदम केल्या तर कुणीही म्हणेल, सोयीसाठी बदलल्या. प्रत्येक तासाची तारीख बघून तुम्हाला आठवायला हवं. २५ मे पर्यंत."

देवरे सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा वाढवला. "मॅडम, अतिरिक्त होण्यात कमीपणा नाही. नोकरी राहते. तालुक्याला ग्रंथालयात सावलीत बसाल. हे असं केलंत तर आठशे खोट्या नोंदी तुमच्या नावावर चढतील. निलंबन मी थांबवू शकणार नाही. आणि खैरनार मॅडम?"

"त्यांनी अंगठा लावला नव्हता सर. मी लावला होता."

"तेच म्हणतोय मी. निस्तरायचं तुम्हालाच आहे."

"हो सर," सारिकाबाई म्हणाल्या, आणि नोंदींचा टॅबलेट ठेवलेल्या कपाटाची किल्ली सुट्टीपुरती मागितली.

मे महिना. रोज सकाळी आठला त्या शाळेत येत. फाटक उघडायला शिपाई असे, तो जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवून लगेच घरी जाई. शाळेची घंटा स्वयंचलित होती आणि ती सुट्टीसाठी कुणी बंद केली नव्हती. दर पस्तीस मिनिटांनी रिकाम्या इमारतीत घंटा होई, आणि तास बदलल्यासारखं सारिकाबाई मान वर करत.

काम सरळ होतं. टाचण वही उघडायची. तारीख शोधायची. चौकट उघडायची. 'तासिका झाली?' याखाली 'होय' उजळलेलं असे. 'नाही' वर बोट, मग अंगठा, मग शेऱ्याच्या जागी 'तास गणितास दिला'. एका नोंदीला साधारण दोन मिनिटं. दिवसाला चाळीसच्या पुढे डोळे चालत नसत. उन्हाने अंगठ्याची कातडी कोरडी पडली की यंत्र ठसा ओळखत नसे, मग त्या माठाखालच्या ओल्या फडक्यावर अंगठा टेकवून पुन्हा लावत.

आठवण येत नाही असं त्यांना वाटलं होतं, पण येत होती. १९ जुलै २०३८, आठवी ब. त्या दिवशी भेंडी आणि बटाट्याचे ठसे घ्यायचे ठरवलं होतं. पिशवीभर भेंडी आणली होती, ती संध्याकाळी घरी नेऊन भाजी केली. ६ सप्टेंबर, नववी अ. 'मॅडम, आज तरी चित्रकला घ्या ना,' असं दारात म्हणालेली एक मुलगी, आणि आपण म्हणालो होतो, 'पुढच्या आठवड्यात नक्की'. पुढच्या आठवड्यातही 'भा.' होता. नाही. नाही. नाही. कुणाशी न बोलता त्या रोज चाळीस वेळा नाही म्हणत होत्या.

२२ मेपर्यंत आठशे एकतीस नोंदी संपल्या.

त्याच दिवशी संस्थेचं पत्र आलं. १ जूनपासून निलंबन, चौकशी होईपर्यंत. दुसरी बातमी शिपायाने सांगितली. खैरनार मॅडमनी येवल्याच्या शाखेत बदली मागितली होती आणि ती मिळाली होती. अहवालातली अभिनंदनाची नोंद मागे घेतली गेली होती. सारिकाबाईंनी भारतीला फोन लावला. वाजत राहिला. संध्याकाळी पुन्हा लावला. तोही वाजत राहिला.

२४ मेला, शुक्रवारी, अद्वैतचा फोन आला.

"मॅम, तुमच्या नोंदी यायला लागल्यावर आम्ही सगळ्या शाळांना विचारलं होतं. शेहेचाळीस जणांनी आपापल्या नोंदी बदलल्यात. जे तास खरंच झाले, तेवढेच धरले तर चित्रकलेचा वाटा ६.८ येतो. क तुकडीचा डेटा परत घेतलाय. प्रस्ताव तीसला मांडलाच जाणार नाही. मला आतून कळलंय."

"बरं झालं," सारिकाबाई म्हणाल्या. त्या शेहेचाळीस जणांपैकी एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं.

"एक शंका आहे फक्त. १४ डिसेंबर २०३९, बुधवार. आठवी अ, दुपारी बारा दहाचा तास. तुम्ही 'नाही' केलीत. पण १९ तारखेला, म्हणजे बरोबर चौथ्या शालेय दिवशी, त्या वर्गात उंचवटा आहे. क सारखाच. अ मध्ये तीन वर्षांत फक्त एकदा, आणि तो इथे. त्या दिवशी तुम्ही चित्रकला घेतली होतीत का? आठवतंय?"

सारिकाबाईंना तो दिवस पूर्ण आठवत होता. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दिवसभराचे अंगठे लावले होते. अकरा वीसला रुग्णालयातून फोन आला, आई गेली म्हणून. भारतीने त्यांच्या हातात पर्स दिली, रिक्षात बसवलं आणि म्हणाली, "तू जा, वर्ग मी बघते." पंधरा दिवसांनी कामावर आल्यावर त्यांनी त्या तारखेपुढे 'भा.' लिहिलं होतं. त्या तासाबद्दल भारतीला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मी नव्हतेच त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी संध्याकाळपर्यंत सांगते."

तेव्हाच्या आठवी अ मधली अन्वी कासार आता दहावीत जाणार होती. तिच्या आईचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं. दुपारी तिथे गिऱ्हाईक नव्हतं. अन्वी मोबाईल बघत बसली होती, बाईंना बघून पटकन उभी राहिली.

"अन्वी, आठवीत असताना माझी आई वारली. त्या दिवशी खैरनार मॅडमनी तुमचा तास घेतला होता. गणित घेतलं ना?"

"नाही मॅडम. चित्रकला घेतली."

"चित्रकला?"

"आम्ही वह्या काढल्या गणिताच्या, तर त्या म्हणाल्या, आज ठेवा त्या. मग त्यांनी त्यांचा डबा आणला आणि टेबलावर मांडला. स्टीलचा. कप्पे सुटे सुटे करून, एक उभा, एक आडवा, एक पालथा." अन्वी हाताने दाखवत होती. "म्हणाल्या, वाघचौरे मॅडम क तुकडीला शिकवतात तसं मोजून काढा. आम्ही म्हटलं, आम्हाला नाही येत तसं. तर म्हणाल्या, मलापण नाही येत, मी बाहेरून जाता-येता बघितलंय फक्त. एक डोळा मिटायचा म्हणे."

अन्वीची आई हसली. अन्वी मात्र बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"खूप चुकलं आमचं. त्यांचं पण. त्यांनी फळ्यावर काढून दाखवला तो डबा बादलीसारखा झाला. सगळे हसले. त्या नाही हसल्या. डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, खडूचा त्रास होतोय." तिने हात खाली घेतले. "त्यांनी चित्रं गोळा केली होती मॅडम. तुम्हाला द्यायची म्हणून. नाही दिली?"

"नाही," सारिकाबाई म्हणाल्या. "राहून गेलं असेल."

त्या दुकानातून निघून पुन्हा शाळेत आल्या. शिपाई नव्हता, किल्ली त्यांच्याकडे होती. कलाखोलीत ऊन जमिनीवरून सरकून पुतळ्याच्या पायापर्यंत आलं होतं. त्यांनी भारतीला फोन लावला. बावीस वेळा वाजून बंद झाला. त्यांनी निरोप लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या.

मग टॅबलेट उघडला. १४ डिसेंबर २०३९. आठवी अ. बारा दहा. विषय, चित्रकला. 'तासिका झाली?' याखाली त्यांचंच 'नाही' उजळलेलं होतं. प्रश्न तास कुणी घेतला हा नव्हता. तास झाला का, एवढाच होता. आठशे एकतीसपैकी ही एकच नोंद त्यांनी चुकीची दुरुस्त केली होती.

त्यांनी 'होय' वर बोट ठेवलं. अंगठा लावला. यंत्राने ओळखला नाही. माठ कोरडा होता. फडकंही वाळलं होतं. त्यांनी अंगठा डोळ्याखाली फिरवला आणि पुन्हा लावला. हिरवी खूण आली.

शेऱ्याची जागा रिकामी होती. टाचण वहीत आठशे एकतीस वेळा त्यांनी फक्त 'भा.' लिहिलं होतं. इथे त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

'तास भारती खैरनार यांनी घेतला. वस्तुचित्र. विषय: जेवणाचा डबा.'

घंटा झाली. पुढचा तास वेळापत्रकाप्रमाणे आठवी क चा होता. सारिकाबाईंनी कपाटातून मार्चमधला भोपळा काढला, तो वाळून हलका झाला होता. तो त्यांनी टेबलावर मांडला, समोरच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या, हात ताठ केला आणि एक डोळा मिटला.